भिंतीचं सुतक

पळसबागेत कुणाच्या घरी बरं चाललंय आणि कुणाच्या घरी नाही, हे कळायला दार वाजवावं लागत नसे. खाली फाटकाशी उभं राहून मान वर केली की पुरे. चंद्रपुरातल्या या नऊमजली वसाहतीच्या भिंती जिवंत होत्या. ज्या घरात माणसं भरपूर, तिथली भिंत नेच्यांनी आणि वेलींनी फुगून आलेली. ज्या घरातली मुलं परगावी, तिथली जरा फिकी. सोयरीक घेऊन येणारे पाहुणे चहाच्या आधी खालून भिंत बघून घेत. मग घरचेही काही कमी नव्हते. पाहुणे यायच्या आधी आठवडाभर ते चुलत-मावस भावंडं आणून घरात कोंबत, म्हणजे भिंत तरारून यावी. माणसाच्या हाती झाड दिलं तरी तो त्याचा देखावा करतो, त्याला इलाज नाही.

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ जाळत्या दिवसांतल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षा उरकुडेला नागपुरात फोन आला. पळसबागेत तिचे वडील दिवाकरराव ७०४ मध्ये एकटे राहत, आणि त्यांच्या बरोबर खालच्या घरात राहणारी रंजना फुलझेले बोलत होती. रंजना दवाखान्यात नर्स होती आणि उगाच फोन करणाऱ्यांपैकी नव्हती.

"ताई, तुम्ही मोठ्या इंजिनिअर, मी काय सांगू तुम्हाले. पण बाबांची भिंत पार वाळली हो. खालून पाहिलं तर जळल्यावानी दिसते."

"कधीपासून?"

"झाले दीड-दोन महिने. आम्हाले वाटलं, काकू गेल्या, तर भिंतीलेही सुतक आलं असन. बाबाही तसंच म्हणत. पण काल डबा द्याले वर गेली, तर ते ओली चादर पांघरून बसले होते. डोळे लाल. ताई, सुतक इतके दिवस राहते का?"

समीक्षाने समोरचा संगणकाचा पडदा उघडला. पळसबाग धरून अशा नऊ इमारतींच्या भिंतींची देखरेख तिच्याकडे होती. सातवा मजला, ७०४. शेरा होता, 'सामान्य'. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. अशा ओळी ती कधी उघडत नसे. तिने आज उघडली.

'घर रिकामे. किरकोळ गळती.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. वडील त्या घरात बसले होते आणि इमारतीच्या लेखी ते घर रिकामं होतं. किरकोळ गळती म्हणजे त्यांचा श्वास.

तिने ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. गाडीची चावी घेतली आणि निघाली.

*

या भिंतीचं शास्त्र तसं माठाचंच. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, भुगा आणि धानाचा कोंडा साच्यात भरायचा, त्यात बुरशी वाढवायची. बुरशीचे तंतू आठ दिवसांत सगळं घट्ट बांधून टाकतात आणि हलकी, सच्छिद्र वीट तयार होते. वरून शेवाळ, नेचे, वेली. विटेच्या पोटातून केसाएवढ्या नळ्या फिरवलेल्या, त्यांतून घराघरांतलं अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी गाळून वर चढतं. ते पानांतून आणि विटेतून उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. बाहेर एकोणपन्नास अंश असताना आत बत्तीस राहतात, तेही विजेचं एक युनिट न जाळता.

खरा प्रश्न होता पाणी वाटायचा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सगळ्या भिंतींना पुरेल एवढं पाणी कधीच नसतं. त्याचं उत्तर कुलसंगे मॅडमनी शोधलं. त्या वास्तुविशारद, पण वाढल्या गडचिरोलीच्या जंगलात. त्या म्हणत, "जंगलात पाणी वाटायला तलाठी लागत नाही. जिथं जीव, तिथं मुळं आणि बुरशी पाणी पोचवतात." माणसाच्या श्वासातली हवा आणि ओल लागली की भिंतीतल्या बुरशीत बारीक विद्युत लहरी उठतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. लहरी जास्त, तिथे पाणी जास्त. कोणत्या घराला किती श्वास 'नेहमीचे', हे कळावं म्हणून दर चैत्रात चौदा दिवस मापणी व्हायची, आणि वर्षभर भिंत त्या मापाशी ताडून पाणी सोडायची. मापाच्या दहाव्या हिश्शाहूनही श्वास कमी पडले, की घर रिकामं धरायचं आणि त्याचं पाणी भरल्या घराकडे वळवायचं. नियम सोपा होता. न्यायाचाही वाटत होता. समीक्षाने स्वतः तो यंत्रात बसवला होता.

वरोरा मागे पडेपर्यंत तिच्या मनात एकच आकडा घोळत होता. दहावा हिस्सा. एका माणसाचं घर रिकामं ठरायचं, तर त्या घराचं माप दहाच्या वर असायला हवं. आई-बाबा दोघंच राहायचे. मग माप आलं कुठून?

*

सातव्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत एक्केचाळीस अंश होते. दिवाकरराव दारासमोरच्या खुर्चीत बसलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात कांदा. चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची सवय काही सुटली नव्हती.

"तू काऊन आली? आज तर रविवार नाई."

"बाबा, मला सांगितलं का नाही?"

"काय सांगाचं? भिंत वाळली म्हणून?" त्यांचा आवाज कोरडा पडला होता. "तुह्या आईनं दोन वर्षं तिच्यावर जीव लावला. ती गेली, भिंत बसली दुःख करत. करू दे ना. कोणी तर करते."

ते शेवटचं वाक्य त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं, पण ते टोचलं. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने समीक्षा नागपूरला गेली होती. त्यानंतर ती आली नव्हती. फोन करायची, रोज, कामाच्या दोन बैठकांच्या मधे.

"हे पाह्य," ते उठले. उठताना भिंतीला धरावं लागलं आणि सुकलेलं शेवाळ मुठीत भुगा होऊन आलं. ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. आईची खाट अजून तिथेच होती. सगळी भिंत तपकिरी, पण खाटेच्या उशाशी तळहाताएवढा एक तुकडा हिरवागार होता. "पहाटे इथं ओल येते. ती उठाची ना, त्या वेळेले. मी हात लावून पाहतो रोज. आहे अजून तिच्यात काही."

समीक्षाने हात लावला. ओल होती. ही ओल कशाची, याचा अंदाज तिला आला.

रंजना वर आली. तिने दिवाकररावांची नाडी पाहिली, जिभेवरून बोट फिरवलं, पन्हं पाजलं आणि समीक्षाला दाराबाहेर नेलं. "आज सावरतील. पण अशा अजून दोन दुपारी निघाल्या तर मी काही सांगू शकत नाई, ताई. नवतप्याचे सात दिवस राह्यले."

"मी त्यांना नागपूरला नेते."

"विचारून पाहा," रंजना म्हणाली. "मी विचारलं होतं, आमच्याकडे चला म्हणून. माही पोरगी बाळंत झाली, बावीस दिवसाचं लेकरू घरात. म्हणतात, लेकराले सव्वा महिना झाल्याबिगर मी येत नाई, माह्या घरी मौत झालेली."

तरी दुपारपुरतं तिने त्यांना ओढत खाली नेलंच, पण ते फुलझेल्यांच्या घरात न शिरता दाराबाहेर बाजेवर पडले. तिथेही वरच्यापेक्षा दहा अंश कमी होते.

*

प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ भिंतीच्या यंत्राची एक पेटी असते. समीक्षाने ती उघडली आणि ७०४ ची चैत्रातली मापणी काढली.

पहिल्या दिवशी दोन माणसं. त्यातलं एक खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेलं, श्वास जोराचा, तुटक. आईचा दमा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला तो थांबलेला. आणि मग त्याच सकाळपासून आकडा चढत गेलेला. नऊ. चौदा. सव्वीस. एकतीस.

बसायला आलेली माणसं. खाण आली म्हणून उठवलेल्या त्यांच्या गावातली माणसं, पळसबागेतली, बाबांच्या पाळीतले जुने सोबती. तेरा दिवस सकाळ-संध्याकाळ घर भरलेलं. माणूस गेल्यावर घर रिकामं सोडायचं नाही, ही आपली रीत. यंत्राला रीत काय ठाऊक? त्याने लिहिलं, या घरात नेहमी सत्तावीस माणसं राहतात. भिंत तेव्हा अशी तरारली होती, की बसायला आलेल्या बाया हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "इंदूबाईची पुण्याई."

असा विचित्र आकडा यंत्र आपणहून स्वीकारत नाही, माणसाला विचारतं. या वेळीही त्याने विचारलं होतं. मापणीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे तेरवीला, दुपारी सव्वातीनला. '७०४: सरासरी २७. मान्य?' खाली मान्य करणाऱ्याचं नाव होतं. स. दि. उरकुडे.

तिला तो क्षण आठवला. बायांच्या मधे सतरंजीवर बसली होती. कुणीतरी आईच्या हातच्या वड्यांबद्दल बोलत होतं आणि तिला ते ऐकवत नव्हतं. म्हणून तिने पदराआड फोन उघडला आणि साचलेली चाळीस कामं एकापाठोपाठ मान्य, मान्य, मान्य करत गेली. तेवढा वेळ तिला बरं वाटलं होतं.

तिने तिथूनच कुलसंगे मॅडमना फोन लावला. "मॅडम, चूक माझी आहे. मी न वाचता मान्य केलं."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "अर्धी माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी जंगल पाहून नियम केला. जंगलात एकटं झाड नसतं, समीक्षा. हे मला सुचायला हवं होतं. आजच्या आज सगळ्या इमारती तपासायला लावते. तू आधी तुझं घर बघ."

पेटीत पाण्याची किल्ली होती. ती अर्धा फेरा फिरवली की ७०४ ला लगेच पाणी मिळालं असतं. पण सातवा आणि सहावा मजला एकाच नळीवर. टाकीत चाळीस टक्के पाणी. वर सोडलेला प्रत्येक थेंब खालून येणार, आणि खाली ६०४ मध्ये आठ माणसं, त्यातलं एक बावीस दिवसांचं. किल्लीवर हात ठेवून ती उभी राहिली. जिन्यातून लेकराच्या रडण्याचा बारीक आवाज आला. तिने हात काढला.

दुसरा मार्ग सरळ होता. जुनं माप पुसायचं आणि खरं माप द्यायचं. एका माणसाच्या वाट्याचं पाणी त्या घराच्या हक्काचंच होतं, ते कुणाच्या तोंडचं नव्हतं. फक्त जुनं माप पुसलं, की पहिल्या दिवसाचं मापही जाणार होतं. रिकाम्या घराला पहाटे मिळणारे चार थेंब यंत्र त्या घरातल्या सगळ्यात दाट नोंदीच्या जागी सोडतं, आणि ७०४ मधली सगळ्यात दाट नोंद होती खाटेच्या उशाशी. आई मरण्याआधी दिवसभर तिथे धापा टाकत होती.

*

संध्याकाळी दिवाकरराव वर आले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. 'यंत्र बिघडलं होतं' एवढ्यावर भागलं असतं. पण ज्या चुकीने बाप मरायला टेकला, ती यंत्रावर ढकलायला तिची जीभ वळेना.

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. मग म्हणाले, "म्हणजे भिंतीले काही दुःख नव्हतं."

"नाही, बाबा."

"मले वाटे, घरात मी एकटाच नाई रडत." ते खाटेवर बसले आणि त्यांनी उशाच्या हिरव्या तुकड्यावर हात ठेवला. "हे पण जाईन?"

"चार-पाच दिवसांत."

"राखता नाई येत?"

"राखायचं तर जुनंच माप ठेवावं लागेल. मग तुम्ही इथे राहू शकत नाही. माझ्याकडे चला, हे तसंच राहू दे."

"मी तिकडं, अन् हे इकडं एकटं हिरवं. मग याले पाहाचं कोणी?" ते किंचित हसले. "तुह्या घरी मी पाहुणा, समू. तू अन् जावई दोघंही चांगले आहा, पण सकाळी निघता, संध्याकाळी येता. तिथं एकटं राहाचं, तर इथं राहतो. इथं निदान रंजनाचं लेकरू रडलेलं ऐकू येते." त्यांनी हात काढून घेतला. "पूस."

तिने पेटीपाशी जाऊन पुसलं. लगेच पडद्यावर प्रश्न आला. 'या घरात नेहमी किती माणसं असतात?'

दिवाकरराव तिच्या मागे येऊन उभे होते. तिने दोनचा आकडा दाबला.

"एक लिही," ते म्हणाले.

"मी येत जाईन ना. दर रविवारी. दोन लिहिलं तर पाणी जास्त—"

"तेरवीलेही असंच म्हणाली होती." आवाजात राग नव्हता. म्हातारा माणूस हवापाण्याबद्दल बोलतो तसे ते बोलले. "माणसाले खोटं सांगितलं तर तो समजून घेते, बाई. मी घेतलं. भिंत नाई घेत. अन् हे जास्तीचं पाणी खालच्या लेकराचं ना? एक लिही."

समीक्षाला रडू आलं. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा माणसं होती, कामं होती, फोन होता. आता जिन्यात बाप होता आणि समोर एक आकडा खोडायचा होता. तिने दोन खोडला. एक लिहिला.

*

नव्या मापाचे चौदा दिवस घर जसं नेहमी असतं तसंच राहायला हवं. एकाच माणसाचं. दुसरं कुणी तासन्‌तास आत बसलं की माप पुन्हा चुकलं. म्हणजे ज्या दिवसांत तिला वडिलांजवळ राहायचं होतं, त्याच दिवसांत तिला त्यांच्या घरात पाऊल टाकता येत नव्हतं.

तिने रजा टाकली. झोपायला रंजनाकडे, आणि उजाडल्यावर वर येऊन ७०४ च्या दाराबाहेर सतरंजी टाकून बसायची. आत उंबरठ्याला लागून दिवाकररावांची खुर्ची. मधे फक्त उंबरठा. तिचा श्वास जिन्याच्या हवेत जायचा, त्यांचा घरात. ताट ती उंबरठ्यावरून सरकवायची. जाणारे-येणारे विचारत, "काऊन जी, पोरीले बाहेर बसवलं?" दिवाकरराव म्हणत, "भिंतीचा अभ्यास चालू हाये."

पहिल्या दिवशी खोली एक्केचाळीसवरून सदतीसवर आली, तिसऱ्या दिवशी चौतीसवर. नवतपा सरत होता. दोघं बोलत. इतकं बोलणं त्यांच्यात वीस वर्षांत झालं नव्हतं. आई लग्नाआधी मिरची तोडायला जायची, एकदा तिने मुकादमाला चिखलात ढकललं होतं, हे समीक्षाला ठाऊकच नव्हतं. वड्यांची गोष्टही बाबांनी सांगितली. या वेळी तिने ती पुरी ऐकली.

पाचव्या दिवशी सकाळी ते आतल्या खोलीतून आले आणि खुर्चीत बसले. "गेली," म्हणाले. बाहेरच्या बाजूने तिने हात पुढे केला. उंबरठ्यावरून आत, कोपरापर्यंत. हाताला श्वास नसतो. त्यांनी तो धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

पंधराव्या दिवशी यंत्राने माप कायम केलं. एक माणूस. तिने नीट वाचलं, तीनदा वाचलं आणि मान्य केलं. मग आत गेली, घर झाडलं, आईची खाट उचलून भिंतीपासून हलवली आणि दुपारी नागपूरला परत आली.

*

आता ती रोज सकाळी ७०४ आधी उघडते, बारीक अक्षरांसकट. 'एक माणूस. भिंत निरोगी.' पुढच्या रविवारी ती गेली. त्याच्या पुढच्या रविवारी कार्यालयात काही निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी नवऱ्याच्या बहिणीकडे वास्तुशांत होती.

त्या सोमवारी तिने सहज म्हणून भिंतीचा पूर्ण नकाशा उघडला. कुठे किती पाणी जातं, हे त्यात हिरव्या रंगाने दिसतं. जिथे श्वास जास्त, तिथे रंग गडद. खाटेच्या उशाची जागा फिकी पडली होती, इतर भिंतीसारखीच. स्वयंपाकघर फिकं, न्हाणी फिकी. सगळ्या घरात एकच जागा गर्द होती, जवळजवळ काळी दिसेल इतकी. दाराशी, उंबरठ्याला लागून.

मापणीच्या चौदा दिवसांत खुर्ची तिथे होती, म्हणून असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तारीख पाहिली. नकाशा कालचा होता. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, तो माणूस दाराशी बसून होता.

काल रविवार होता.

समीक्षाने समोरचा पडदा बंद केला. या वेळी तिने वरिष्ठांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, आणि पिशवीत चार दिवसांचे कपडे भरले. मग थोडा वेळ कपाटापुढे उभी राहून आणखी भरले.